देवळालीच्या मास्तरांचा आकडा

रविवारचा चहा झाला की घरातल्या मुलांना एक खेळ द्यावा. दारात उभ्या असलेल्या स्कूटरची पाटी पाहावी. अमरावतीत एमएच-२७, अकोल्यात एमएच-३०, आणि पुढे बहुधा चार आकडे. ते आकडे उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करायची, चढत्या क्रमाने मांडून लहान, आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच. चारही आकडे सारखे नसले, तर फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि पुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी तेच राहते.

हे ज्यांनी शोधून काढले ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला त्यांचा जन्म झाला. त्यांचे जन्मवर्षच घेऊन बघा. १९०५ पासून निघाले की ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशा पायऱ्या लागतात आणि नेमक्या सातव्या वजाबाकीला ६१७४ हाती येते.

आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद. ज्योतिष खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवू, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच, आणि ती गोडी मुलात उतरली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते.

विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या या मास्तरांचा पदवीवाल्या गणितज्ञांत फारसा मान नव्हता. आकड्यांशी खेळणारा एक छांदिष्ट माणूस, एवढीच अनेकांनी त्यांची गणना केली. ते मात्र पदरमोड करून परिषदांना जात आणि स्वतःच पुस्तिका छापून काढत. संख्यांची बारशीही त्यांनी मोठ्या हौसेने केली. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती ‘हर्षद’. दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती ‘स्वयंभू’, जसे २०. एका प्रकाराला तर त्यांनी रेल्वे स्टेशनाचे नाव दिले, ‘डेम्लो’; आजचे डोंबिवली ते हेच.

६१७४ त्यांना १९४६ साली सापडला आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. त्याच १९४६ साली अमेरिकेत एनियाक हा खोलीभर पसरलेला संगणक लोकांपुढे आला. त्याला काम सांगायचे म्हणजे तारा बदलायच्या आणि बटणे फिरवायची. देवळालीच्या मास्तरांजवळ होती ती पेन्सिल आणि कागद.

पुढे संगणकाला भाषा आल्या आणि मास्तरांच्या वजाबाक्या विद्यार्थ्यांच्या सरावाचा आवडता विषय झाल्या. आपल्या वऱ्हाडात अमरावतीचे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६४ चे. बडनेरा आणि शेगावची कॉलेजे १९८३ ची, अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचे. इथल्या कुणा पोट्ट्याने हा प्रोग्राम वेगवेगळ्या भाषांत लिहून पाहिला, तर त्याला काय दिसेल?

१९५७ ची फोरट्रान घेतली, तर अंक सुटे करण्यापासून तयारी. हजाराने भागायचे, बाकी टाकून द्यायची, पहिला अंक मिळाला. मग शंभराने, मग दहाने. क्रम लावायचे तयार साधन नाही, तेव्हा दोन-दोन अंकांची तुलना करून जागा बदलायच्या. पंचवीस-तीस ओळी सहज होतात. १९६४ च्या बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला क्रमांक, तोही दहा, वीस, तीस असा, म्हणजे विसरलेली ओळ मध्ये घुसवता येते. सत्तरच्या दशकातल्या सी भाषेत मांडणी नीटस, पण कष्ट जवळपास तेवढेच. आणि १९९१ मध्ये आलेल्या पायथॉनमध्ये संख्येचे अक्षरांत रूपांतर करून एका शब्दात क्रम लावता येतो. चार-पाच ओळींत काम फत्ते.

आता तिथे ४४४५ देऊन बघा. (आपल्या दोन्ही शहरांचे पिन कोड ४४४ ने सुरू होतात, म्हणून हा आकडा सुचला.) ५४४४ मधून ४४४५ गेले, उरले ९९९. पायथॉनला ही संख्या तीनच अक्षरांची दिसते. ती उलटीसुलटी सारखीच, म्हणून पुढची वजाबाकी शून्य, आणि प्रोग्राम ६१७४ ची वाट पाहत फिरतच राहतो. फोरट्रानचा लांबलचक प्रोग्राम हजाराने भागतो, भागाकार शून्य येतो, ते शून्य आपल्या घरात बसते. मग ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. पायथॉनलाही चार घरे भरून घे असे सांगता येते, एका शब्दाचे काम आहे. पण ते सांगायला हवे हे सुचते कुणाला? ज्याने एकं, दहं, शतं, सहस्र अशी घरे आखून हाताने वजाबाकी केली आहे त्याला. आजच्या भाषांना नावे ठेवायची नाहीत; पंचवीस ओळींचे कष्ट कुणालाच नकोत. तरीही प्रत्येक मुलाने हा हिशेब आधी एकदा कागदावर करावा असे मला वाटते.

मास्तरांचे निवृत्तीनंतरचे दिवस सुखाचे नव्हते. १९६६ साली पत्नी वारल्या. पेन्शन पुरत नसे, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्या संख्यांविषयी लिहिले आणि जगभर त्यांचे नाव झाले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

१९८६ साली ते गेले. त्या वर्षाचे आकडे घेतले तर सहा वजाबाक्या लागतात.