वेगवान गोलंदाज टॉम रिचर्डसन

आमच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी थोर पुरुषांची चरित्रे येतात. यंदा आम्ही तरुण बांधवांसाठी एका परदेशी क्रिकेटपटूचे चरित्र मुद्दाम निवडले आहे. कीर्ती एकट्याची दिसली तरी ती अनेकांच्या हातांवर अवलंबून असते, हे त्यावरून उत्तम प्रकारे ध्यानी येते.

टॉम रिचर्डसन याचा जन्म ११ ऑगस्ट १८७० रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात बायफ्लीट या गावी झाला. १८९२ साली तो परगण्याच्या संघात आला. तो व्यावसायिक खेळाडू होता. मैदानावरील श्रमांवरच त्याचा चरितार्थ चाले. देह धिप्पाड, स्वभाव गोड आणि दम विलक्षण. त्याचा वेगवान चेंडू टप्पा पडताच बाहेरून आत वळे आणि यष्ट्या उधळून टाकी. १८९५ च्या एकाच हंगामात त्याने २९० बळी घेतले. १८९४ ते १८९७ या चार इंग्लिश हंगामांत मिळून त्याचे बळी हजारावर गेले.

१८९६ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडात आला. लॉर्ड्सच्या मैदानावर तो पहिल्या डावात अवघ्या ५३ धावांत गारद झाला. रिचर्डसनने ३९ धावांत सहा बळी घेतले आणि सहाही फलंदाजांचा त्याने त्रिफळाच उडविला. तेथे त्याला कोणाच्या हातांची गरज पडली नाही.

परंतु प्रत्येक दिवस असा नसतो. जुलैमध्ये मँचेस्टरला पुढील कसोटी झाली. आपले रणजितसिंहजी याच सामन्यात प्रथम इंग्लंडतर्फे कसोटी खेळले आणि दुसऱ्या डावात १५४ धावा काढून नाबाद राहिले. ऑस्ट्रेलियाला विजयासाठी केवळ १२५ धावा हव्या होत्या. पहिल्या डावात ६८ षटके टाकून सात बळी घेतलेल्या रिचर्डसनने पुन्हा चेंडू हाती घेतला. त्या काळी षटक पाच चेंडूंचे असे. सुमारे तीन तास एका टोकाने तो अखंड गोलंदाजी करीत राहिला. एकूण ४२ षटके आणि तीन चेंडू! १०० धावांत सात गडी बाद झाले. ट्रंबल आणि केली नेटाने उभे राहिले. अवघ्या नऊ धावा उरल्या असता केलीचा झेल यष्टिरक्षक लिली याच्या हातून निसटला. लिली काही सामान्य यष्टिरक्षक नव्हे; कारकिर्दीत त्याने एकूण ३५ कसोटी सामने खेळले. पण तो क्षण गेला तो गेलाच. ऑस्ट्रेलियाने तीन गडी राखून सामना जिंकला.

रिचर्डसनच्या नावावर त्या सामन्यात तेरा बळी, १४ कसोटी सामन्यांत ८८ आणि एकंदर कारकिर्दीत २,१०४ बळी नोंदलेले आहेत. निसटलेल्या झेलांसाठी मात्र नोंदवहीत रकानाच नाही. तेथे झेल सुटला की धावा तेवढ्या गोलंदाजाच्या नावे चढतात, आणि उत्कृष्ट झेल टिपला तरी बळी त्याच्याच खात्यात जमा होतो. म्हणून दोन वेगवान गोलंदाजांची तुलना करताना नुसते आकडे न पाहता त्यांच्या पाठीशी कोणाचे हात होते, हेही पाहावे, असे आम्हांस वाटते.

२ जुलै १९१२ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, फ्रान्समध्ये रिचर्डसनचे निधन झाले.

ज्ञातिसंस्थेचे कार्यही याच रीतीने चालते. अहवालात नाव येते ते अध्यक्षांचे आणि देणगीदारांचे. सतरंज्या अंथरणारे, वर्गणीसाठी दारोदार फिरणारे स्वयंसेवक म्हणजे आमचे क्षेत्ररक्षकच होत. त्यांचा रकाना आमच्या वहीत तरी कोरा राहू नये, एवढीच विनंती.