नटवर्य बाबूराव पेंढारकर

कोल्हापूर नगरीस कलापूर असेही म्हणतात. श्रीमहालक्ष्मीच्या या नगरीत मल्लविद्येची जोपासना झाली, तशीच गायन, चित्रकला आणि नाट्यकला यांचीही झाली. मराठी चित्रपटाचा पाळणा हलला तोही याच नगरीत. त्या पाळण्याची दोरी ज्यांनी हाती धरली, त्यांत बाबूराव पेंढारकर यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

बाबूरावांचा जन्म 22 जून 1896 रोजी कोल्हापूर येथे झाला. पुढे दिग्दर्शक म्हणून कीर्ती मिळविलेले भालजी पेंढारकर हे त्यांचे धाकटे बंधू. मास्टर विनायक हेही नात्याने त्यांचे बंधू, तर व्ही. शांताराम हे त्यांचे मावसभाऊ. एकाच गोतावळ्यातील ही चार माणसे चित्रपटसृष्टीत नावारूपास आली. त्या चौघांत बाबूराव वडील होते आणि वडील भावाप्रमाणेच ते वागले.

त्या काळी कोल्हापुरात बाबूराव पेंटर नावाचे थोर कलावंत होते. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या या माणसाने चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनविला. त्यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 1920 मध्ये लोकांपुढे आला. याच कंपनीत बाबूराव पेंढारकर व्यवस्थापक म्हणून काम करू लागले आणि प्रसंगी तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढेही उभे राहू लागले.

व्यवस्थापकाचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. नट वेळेवर आले की नाहीत, कपडेपट सिद्ध आहे की नाही, पैसा पुरतो की नाही, हे सारे त्याला पाहावे लागते. चित्रपट गाजला म्हणजे टाळ्या मात्र दुसऱ्यांना मिळतात. बाबूरावांनी या कामाचा कधी कमीपणा मानला नाही. 1920 च्या सुमारास शांताराम नावाचा एक होतकरू तरुण काम शोधीत होता. आपल्या या मावसभावाला बाबूरावांनीच महाराष्ट्र फिल्म कंपनीत नेले. तो तरुण पुढे केवढा मोठा दिग्दर्शक होणार आहे, याची त्या दिवशी कोणालाच कल्पना नव्हती.

तेव्हाचे चित्रपट मुके असत. पडद्यावरील माणसांचे ओठ हालत, परंतु शब्द ऐकू येत नसत. राग, लोभ, कपट, करुणा हे सारे भाव नटाला डोळ्यांनी आणि चेहऱ्याने प्रकट करावे लागत. बाबूरावांच्या अभिनयाचा पाया या मूक शाळेत घातला गेला. याच काळात भालजी व बाबूराव यांनी मिळून ‘वंदे मातरम् आश्रम’ हा चित्रपट काढला. इंग्रजी अमलातील शिक्षणपद्धतीवर त्यात टीका होती. सरकारला ती रुचली नाही आणि चित्रपटावर परीक्षकांची कात्री चालली. पदरचे पैसे घालून काढलेल्या चित्रपटाची अशी दशा झाली, तरी या बंधूंनी चित्रपटाची वाट सोडली नाही.

पुढे चित्रपट बोलू लागला. 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. राजा हरिश्चंद्राची ही कथा शांतारामांनी दिग्दर्शित केली. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या आणि दुष्ट गंगानाथाची भूमिका बाबूरावांकडे आली. हाच चित्रपट हिंदीतही निघाल्यामुळे नटांना एकेक प्रसंग दोन्ही भाषांत वठवावा लागे.

बाबूरावांच्या वाट्याला अशा खलपुरुषाच्या भूमिका पुष्कळ आल्या. नायकाचे काम सर्वांनाच हवेसे वाटते, कारण प्रेक्षकांचे प्रेम त्यालाच लाभते. दुष्टाचे काम करणाऱ्याला शिव्याशाप मिळतात. परंतु थोडा विचार केला तर काय दिसते? अंधार नसेल तर दिव्याचे तेज कसे कळणार? गंगानाथ खराखुरा दुष्ट वाटला नाही, तर तारामतीचे दुःखही खरे वाटणार नाही. दुष्टाची भूमिका करताना आपण मनाने चांगले आहोत, असे प्रेक्षकांना सुचविण्याचा मोह नटाला आवरावा लागतो. बाबूरावांनी तो आवरला. प्रेक्षकांना त्यांचा जो संताप येई, तीच त्यांच्या अभिनयाची पावती होती.

1933 मध्ये प्रभात कंपनी पुण्यास गेली. बाबूराव मात्र कोल्हापूरच्या राजदरबाराच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या कोल्हापूर सिनेटोनमध्ये गेले. नंतर 1936 मध्ये मास्टर विनायक आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी हंस पिक्चर्स ही संस्था काढली. चांगल्या चित्रपटाला चांगले साहित्य हवे, या जाणिवेने हंसने मराठीतील नामवंत लेखकांना जवळ केले. शिरोड्याच्या शाळेत शिक्षक असलेल्या वि. स. खांडेकरांनी ‘छाया’ लिहिला, तर आचार्य अत्रे यांनी ‘ब्रह्मचारी’ लिहिला. साहित्य आणि चित्रपट यांची ही सोयरीक जुळविण्यात बाबूरावांचा मोठा वाटा होता.

आता आपण त्यांच्या पुढील तीन भूमिका पाहू. 1946 मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा हिंदी चित्रपट आला. चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता देह ठेवणारे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची ही कथा. कोटणिसांचे काम स्वतः शांतारामांनी केले आणि बाबूराव झाले चिनी सेनापती फाँग. मराठी नटाने चिनी सेनापती व्हावयाचे, म्हणजे वेषाबरोबर चाल, नजर आणि बोलण्याची ढबही बदलावयाची.

1954 मध्ये आचार्य अत्रे यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला. त्याच्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. मुलींसाठी शाळा काढणारे आणि अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी आपल्या घरचा पाण्याचा हौद खुला करणारे जोतीराव कोणी साकार करावेत? अत्र्यांनी बाबूरावांची निवड केली. फुल्यांचे निधन 1890 मध्ये झाले होते. बाबूरावांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. ज्यांना कधी पाहिले नाही, ज्यांचा आवाज कधी ऐकला नाही, अशा महापुरुषाला त्यांनी पडद्यावर उभे केले. सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या होत्या. ज्या चेहऱ्याचा प्रेक्षकांनी एकेकाळी तिरस्कार केला, त्याच चेहऱ्यात त्यांना आता जोतीरावांची करुणा दिसली. या चित्रपटास राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

एवढा मान मिळाल्यावर एखाद्याने लहान काम नाकारले असते. बाबूरावांनी तसे केले नाही. 1957 मध्ये शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. सहा खुनी कैद्यांना माणुसकीच्या मार्गावर आणणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची ती कथा. ती मुख्य भूमिका शांतारामांची होती. बाबूराव होते तुरुंगाचे अधीक्षक. ज्या धाकट्या भावाला बोट धरून कंपनीच्या दारात नेले, त्याच्याच चित्रपटात ते दुय्यम भूमिकेत समाधानाने उभे राहिले आणि ती भूमिकाही त्यांनी मन लावून केली.

बाबूरावांनी रंगभूमीवरही कामे केली आणि ‘चित्र आणि चरित्र’ या ग्रंथात आपल्या आयुष्याची हकीकत लिहून ठेवली. 8 नोव्हेंबर 1967 रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे शांताराम आणि भालजी या दोघांनाही चित्रपटक्षेत्रातील दादासाहेब फाळके पुरस्कार लाभला. बाबूरावांच्या वाट्याला तो मान आला नाही. परंतु मंदिराचा कळस दुरून दिसतो, म्हणून पायाच्या दगडाचे मोल कमी होत नाही. नाटक असो वा जीवन, प्रत्येकाला राजाची भूमिका मिळत नाही. जी मिळेल ती इमानाने पार पाडणे हेच खरे मोठेपण, हे बाबूरावांच्या जीवनावरून आपणांस शिकावयास मिळते.