दारूने पोरका केलेला डेबू

हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचे खापर, अंगात चिंध्यांची गोधडी. श्रीगाडगे महाराजांचे हे रूप विदर्भात कोणाला ठाऊक नाही? पण सज्जनहो, या चरित्राचा आरंभ कोठे होतो इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तो आरंभ दारूच्या पेल्यापाशी होतो.

अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीजवळ शेणगाव म्हणून गाव आहे. तेथे 23 फेब्रुवारी 1876 रोजी परिटाच्या घरी डेबूचा जन्म झाला. बाप झिंगराजी, आई सखूबाई. त्या काळी देवाला बकरे द्यावे, दारूचा नैवेद्य दाखवावा व तीच दारू प्रसाद म्हणून घ्यावी, असा रिवाज होता. नको म्हणेल तो देवाचा अपराधी व भाऊबंदांतून उठलेला! झिंगराजी या वाटेने दारूच्या फासात सापडले. प्रथम मनुष्य दारू पितो, मग दारूच मनुष्याला पिते. घरचे होते नव्हते ते गेले, शरीर खंगले, आणि 1884 च्या सुमारास झिंगराजी वारले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता. चरित्रकार सांगतात की अखेरच्या दिवसांत झिंगराजींना पश्चात्ताप झाला, आणि या पोराला दारूपासून व दारू मागणाऱ्या देवांपासून दूर ठेव, असे त्यांनी सखूबाईला विनविले. पहा, व्यसनी मनुष्याला समजत नाही असे नाही. समजते, पण सुटत नाही. त्याचे खरे दुःख हेच आहे.

सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरकडे दापुरे गावी माहेरी आली. डेबू मामाची गुरे वळू लागला, पुढे औत धरू लागला. तेथे त्याने दुसरे संकट पाहिले. सावकाराच्या लबाड कागदांपायी मामाची जमीन गेली. दारू, कर्ज आणि अक्षरशून्यता ही तीन भावंडे आहेत, एक घरात शिरले की दुसऱ्याला दार उघडते, हे त्याला पोथीवाचून कळले.

1892 मध्ये कुंताबाईंशी विवाह झाला. पुढे मुलीचे बारसे आले. जातगोताची अपेक्षा ठरलेली : मटण आणि दारू. डेबूजींनी बुंदीच्या लाडवांचे गोड जेवण वाढले. लोक रागावले, बोलले. आज ही गोष्ट लहान वाटते. पण आपल्याच माणसांच्या पंगतीत पेला नाकारणे किती अवघड, हे ज्याने दारू सोडली आहे त्याला विचारा. व्याख्यानाच्या आधी त्यांनी स्वतःच्या घरात रीत बदलली.

1 फेब्रुवारी 1905 रोजी ते घर सोडून निघाले. गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा क्रम झाला. पूर्णाकाठी ऋणमोचनला घाट बांधवला, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. कीर्तन कसे? तर श्रोत्यांनाच प्रश्न घालायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवायचे, तेही साध्या वऱ्हाडी बोलीत. दारू पिऊ नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हेच फिरून फिरून सांगणे. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला.

आता आपल्याकडे वळू. आमच्या नंदनवनात कीर्तन आटोपले की एखादी माउली बाजूला येते आणि हळूच म्हणते, घरधन्याला माळ घाला. माळ जरूर घालावी. पण तेवढ्याने भागेल काय?

आपल्या शास्त्राने हा विषय केवळ पापाचा मानलेला नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्यय नावाचा स्वतंत्र अध्याय आहे, म्हणजे आचार्यांनी हा रोग धरला. सोडलेली दारू एकाएकी पुन्हा अति घेतली तर ध्वंसक व विक्षय हे विकार होतात, असेही तेथे सांगितले आहे. पुन्हा पडणे ही गोष्ट त्या काळच्या वैद्यांनाही माहीत होती.

आजचे डॉक्टर आणखी एक गोष्ट सांगतात. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोनतीन दिवसांत हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून अशा माणसाला केवळ शपथ घालून कोंडून ठेवू नये. मेडिकलच्या मानसोपचार विभागात न्यावे. तेथे औषध देतात, ब जीवनसत्त्व देतात. शरीर सावरले तरी मन मागे राहते. उदासी, चिडचिड, जुन्या मित्रांची हाक, ही महिनोन्‌महिने चालते. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण काढले, ते हे ओळखूनच. तेथे औषधाबरोबर सोबत मिळते आणि घरच्यांनाही समजावतात.

येथे वारकऱ्याचे काम सुरू होते. कीर्तनात दारुड्याची नक्कल केली की हशा पिकतो. पण त्याच मांडवात दारुड्याचे पोर बसलेले असते, मान खाली घालून. ते पोर कदाचित डेबू असेल. बाबांनी दारूला झोडपले, पण झिंगराजीच्या जातीच्या माणसाला टाकले नाही. आपणही हसणे सोडून त्या घरी जावे. दवाखान्यात त्याच्याबरोबर जावे. एकादशीला हाताला धरून भजनात आणावे, वारीत आपल्या दिंडीत चालवावे. घसरला तर माळ तुटली म्हणून हाकलू नये, पुन्हा उचलावे. आणि त्याच्या लेकराची शाळा तेवढी सुटू देऊ नये.