शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके

आमच्या कळंबोलीजवळील शिरढोण गावी १८४५ साली वासुदेव बळवंतांचा जन्म झाला. आगगाडी व तारायंत्र आणणाऱ्या इंग्रजी अमलातच, पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात, ते कारकून झाले. मातोश्री अत्यवस्थ असता रजा वेळेवर मिळाली नाही, हा घाव त्यांनी जन्मभर जपला. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी खेड्यापाड्यांतील उपासमार पाहिली. गावांची व किल्ल्यांची राखण हे रामोशांचे वंशपरंपरागत काम नव्या व्यवस्थेने आधीच हिरावले होते. सुशिक्षितांनी हात आखडता घेतला, तेव्हा १८७९ साली या रामोशांनाच घेऊन त्यांनी बंड उभारले. सावकार लुटले गेले. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही, परंतु भाकर गमावलेल्यांचा तो संताप होता. पकडले गेल्यावर त्यांना जन्मठेप झाली. १८८३ साली एडनच्या तुरुंगात ते निवर्तले.