न्या. तेलंग : पोथी वाचू शकणारे न्यायमूर्ती

- प्रतिनिधी

कायद्याचा अर्थ लावताना न्यायाधीशाने मूळ ग्रंथाला प्रमाण मानावे, रूढीला की आधीच्या निकालांना? भारतीय न्यायालयांना आजही पडणाऱ्या या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकात मुंबई उच्च न्यायालयात ज्यांनी विद्वत्तेने हात घातला, त्यांत न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव अग्रभागी आहे.

३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत जन्मलेल्या तेलंगांचे शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेत झाले. संस्कृत आणि कायदा या दोन्ही विषयांत त्यांनी प्रावीण्य मिळवले. १८७२ मध्ये ते अ‍ॅडव्होकेट झाले आणि हिंदू धर्मशास्त्राचे जाणकार म्हणून थोड्याच काळात त्यांचा लौकिक झाला. भगवद्गीतेचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८८२ मध्ये मॅक्सम्युलर संपादित ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमवेत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. १८८९ मध्ये न्या. नानाभाई हरिदास यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागी त्यांची नेमणूक झाली.

त्या काळी वारसा आणि वाटणीच्या दाव्यांत याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ आणि नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ हेच कायद्याचे आधार होते. इंग्रज न्यायाधीशांची भिस्त मात्र भाषांतरांवर असे. शिवाय १८६८ च्या रामनाड प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले होते की, प्राचीन वचनांतून काय निष्पन्न होते हे शोधण्यापेक्षा त्या प्रांतातील संप्रदायाने काय स्वीकारले हे न्यायाधीशाने पाहावे. रूढी निर्विवाद सिद्ध झाली तर ती ग्रंथवचनाहून वरचढ ठरेल.

या पार्श्वभूमीवर १८९१ मध्ये आपाजी नरहर विरुद्ध रामचंद्र रावजी हा दावा पूर्णपीठापुढे आला. बाप आपल्या वडिलांशी वा भावांशी एकत्र राहत असताना, त्याची संमती नसतानाही मुलाला वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी मागता येते काय, हा मुद्दा होता. बहुमताने उत्तर नकारार्थी दिले. तेलंगांनी भिन्न मत नोंदवले. आजोबांच्या मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो, हे मिताक्षरेचे मूलतत्त्व आहे. तो हक्क बापाच्या बरोबरीचा असेल, तर त्याची अंमलबजावणी बापाच्या मर्जीवर अवलंबून ठेवता येणार नाही, असा त्यांच्या मताचा रोख होता. मूळ संस्कृत ग्रंथ वाचणाऱ्या न्यायाधीशाचे हे मत होते.

तरीही निर्णय बहुमताचाच ठरला. मद्रास व अलाहाबाद उच्च न्यायालयांनी मुलाचा हक्क मान्य केला. मुंबई प्रांतात मात्र पूर्णपीठाचा निर्णय खालच्या न्यायालयांवर बंधनकारक असल्याने वेगळाच नियम पुढे दीर्घकाळ चालू राहिला. एकाच ग्रंथाचे दोन अर्थ दोन प्रांतांत कायदा म्हणून नांदू लागले. पूर्वनिर्णयाने कायद्याला स्थैर्य येते, पण एकदा रूढ झालेला अर्थ बदलणे किती कठीण होते, याचेही हे उदाहरण आहे.

ग्रंथ आणि रूढी यांतील हा संघर्ष तेलंगांना घरातही चुकला नाही. सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या तेलंगांनी स्वतःच्या मुलीचा विवाह मात्र बालवयातच केला. त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. न्यायासनावरून रूढीची चिकित्सा करणाऱ्यालाही कौटुंबिक रूढीपुढे नमावे लागले, ही त्यांच्या चरित्रातील बोचरी विसंगती आहे.

१८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. पण प्रकृतीने साथ दिली नाही. १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे न्यायमूर्ती झाले. न्यायासनावर तेलंगांना जेमतेम चार वर्षे लाभली. त्यांचे ते भिन्न मत मुंबईत कायदा झाले नाही. मात्र मूळ वचन आणि पूर्वनिर्णय यांत अंतर पडले तर काय करावे, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न न्यायालयांपुढे अद्यापही कायम आहे.