मल्लवीर खाशाबा जाधव

कृष्णा आणि कोयना या नद्यांचा जेथे संगम होतो, त्या कराड शहराजवळ गोळेश्वर नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. त्यांचे वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच भावांत धाकट्या असलेल्या खाशाबांना त्यांनी बालपणीच तालमीची गोडी लावली. खाशाबांची शरीरयष्टी ठेंगणी होती. भव्य देहाचे मल्ल पाहण्याची सवय असलेल्यांना हा मुलगा पुढे जगाचे मैदान गाजवील, असे वाटणे कठीणच होते.

परंतु कुस्ती हा केवळ बळाचा खेळ नाही. आखाड्यात सलामी झाली की दोन्ही मल्ल खडाखडी करू लागतात. एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवर, दुसऱ्याचा हात पहिल्याच्या मनगटावर असतो. या वेळी पाहणाऱ्यास काहीच घडत नाही असे वाटते. पण खरी परीक्षा तेथेच चाललेली असते. प्रतिस्पर्ध्याचा भार कोणत्या पायावर आहे, तो पुढे रेटणार की मागे सरणार, हे कसलेला मल्ल हाताच्या स्पर्शानेच ओळखतो. डोळ्यांना डाव दिसेपर्यंत पाठ मातीला लागलेली असते! चीन देशातील कुंग फू या युद्धकलेच्या काही परंपरांतही दोघे शिकाऊ एकमेकांच्या हाताला हात लावून अशीच जाण वाढवितात. खाशाबांनी ही विद्या लाल मातीत, रोजच्या लढतींनी आत्मसात केली. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत आवळून त्याला खाली आपटण्याचा ढाक हा त्यांचा आवडता डाव होता.

कराड येथील टिळक हायस्कुलातील शिक्षण संपवून खाशाबा कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात गेले. १९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा विलायतेस पोहोचले. तेथे माती नव्हती, गादी होती. मातीत पाठ टेकेपर्यंत झुंजावे, तर गादीवर वेळेचे बंधन आणि पंचांचा निर्णय! अशा अपरिचित रीतीच्या कुस्तीतही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. या यशाने ते हुरळून गेले नाहीत. आपण कोठे कमी पडलो, हे जाणून पुढील चार वर्षे त्यांनी अखंड मेहनत केली.

१९५२ साली हेलसिंकी येथील सामन्यांसाठी त्यांची निवड झाली. परंतु प्रवासास पैसा नव्हता. खाशाबांनी गावोगाव मदत मागितली. कोणी थोडे दिले, कोणी अधिक दिले. तरी रक्कम अपुरीच पडली. तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका विद्यार्थ्यावर गुरूने टाकलेला केवढा हा विश्वास!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना पराभूत केले. पुढे जपानच्या शोहाची इशी याच्याशी त्यांची दीर्घकाळ झुंज झाली आणि तीत इशी विजयी झाला. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेयोव्ह याच्यापुढे उभे राहावे लागले. त्यांची बाजू मांडण्यास कोणी भारतीय अधिकारी तेथे नव्हता. थकलेल्या हातांना प्रतिस्पर्ध्याची चाल वेळीच उमगत नाही. ती कुस्ती त्यांनी गमावली. तरीही कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये एका व्यक्तीने मिळवून दिलेले ते पहिले पदक होय. असे दुसरे पदक मिळण्यास भारताला १९९६ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

खाशाबा परतले, तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण जयघोषात ते आपले ऋण विसरले नाहीत. कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवून त्यांनी पैसा उभा केला आणि गुरुजींचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले व पुढे सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील एका अपघातात त्यांचे निधन झाले. जिवंतपणी त्यांच्या वाट्याला मानसन्मान फारसे आले नाहीत. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले. मातीशी इमान राखणाऱ्या आणि उपकारांची जाण ठेवणाऱ्या या मल्लाचे नाव महाराष्ट्रातील तालमींत आजही आदराने घेतले जाते.