बारा बाण, एक चाल

लोहारा (जि. यवतमाळ), प्रतिनिधी : आपल्याकडे धनुर्विद्या शिकणारी मुले बहुधा बांबूच्या धनुष्याने सुरुवात करतात. ‘इंडियन राऊंड’ या प्रकारात धनुष्यही देशी आणि बाणही देशी. हीच मुले पुढे ऑलिम्पिकच्या रिकर्व्ह प्रकाराकडे वळली, की लक्ष्य सत्तर मीटरवर जाते आणि भात्यातील बाणांच्या कांडीवर बहुतेक वेळा एक नाव दिसू लागते : ईस्टन. गोंड-कोलामांच्या या जिल्ह्याला बाण नवा नाही. हे नाव मात्र ज्या माणसाचे, त्याची ओळख खुद्द तिरंदाजांनाही क्वचितच असते.

जेम्स डग्लस ऊर्फ डग ईस्टन हे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शिकारीला गेले असता बंदूक अचानक उडाली आणि त्यांचे दोन्ही पाय जबर जखमी झाले. पुढे दीर्घकाळ अंथरुणावर काढावा लागला. त्या दिवसांत डॉ. सॅक्स्टन पोप यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरील पुस्तक त्यांच्या हाती आले. पोप हे शल्यचिकित्सक. याही जमातीतील इशी या आदिवासी माणसाकडून ते ही विद्या शिकले होते. बंदुकीने जायबंदी झालेला मुलगा बरा होऊन उठला तो धनुष्ये आणि सीडरच्या लाकडाचे बाण घडवू लागला. १९३२ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिस गाठले आणि तिथे दुकान थाटले.

गिऱ्हाईक मिळाले, समाधान मात्र मिळेना. अडचण लाकडात होती आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे. प्रत्यंचा सुटताच बाण सरळ धावत नाही. मागून बसलेल्या धक्क्याने तो वाकतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो आणि पुढे काही अंतर माशासारखा लवलवत जातो. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या शास्त्रज्ञाने अतिवेगवान छायाचित्रणाने हे दाखवून दिले. बाण किती वाकतो, हे त्याच्या ताठरपणावर अवलंबून असते. या गुणाला तिरंदाज ‘स्पाइन’ म्हणतात. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण गरजेपेक्षा ताठ असेल तर तो डावीकडे सरकतो, लवचीक असेल तर उजवीकडे. वीस मीटरवर हा फरक कदाचित ध्यानातही येणार नाही. सत्तर मीटरवर लक्ष्य १२२ सेंटिमीटर व्यासाचे आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरचे. तिथे तेवढाच फरक पदक घालवतो.

लाकूड तर झाडागणिक, किंबहुना एकाच फळीतही बदलते. हवेतील ओलाव्यानेही कांडीला बाक येतो. कितीही काळजीने वजन केले, वाकवून पाहिले, निवडून बाजूला ठेवले, तरी बारा बाण एका चालीचे निघणे दुर्मीळच. नेम चुकला तो हाताने की बाणाने, हे तिरंदाजाला कळणार कसे?

ईस्टन यांनी १९३९ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळीचे बाण करायला घेतले. १९४१ मध्ये लॅरी ह्यूज यांनी त्यांचेच बाण वापरून अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तेवढ्यात युद्ध आले, ॲल्युमिनियम विमानांकडे गेले आणि काम थांबले. १९४६ मध्ये त्यांच्या व्यापारचिन्हाचा पहिला ॲल्युमिनियम बाण बाजारात आला. या नळ्यांवर १८१६ असे आकडे असत. पहिले दोन अंक बाहेरील व्यासाचे, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत. पुढचे दोन भिंतीच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे तुटलेल्या बाणाच्या जागी तसाच दुसरा मागवता येऊ लागला. प्रस्तुत लेखकाच्या मते ईस्टन यांची खरी कामगिरी धातू वापरण्यात नसून या मोजमापात आहे.

आजही लांब पल्ल्याचा बाण निवडताना हेच मोजमाप आधी पाहिले जाते. २८ इंचांवरील दोन आधारांवर कांडी ठेवून मध्यभागी सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगतात. ती अर्धा इंच वाकली तर स्पाइन ५००. आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. इथे नवखे हमखास फसतात. त्याच आकड्याची कांडी कापून आखूड केली तर ती ताठ वागते. टोक जड लावले तर लवचीक. हलका बाण वेगाने व सपाट जातो, पण वाऱ्यात लवकर भरकटतो. बारीक कांडीला वारा कमी लागतो. तेव्हा धनुष्याचा जोर आणि हाताची लांबी न पाहता केवळ महाग म्हणून घेतलेला बाण पैसे वाया घालवतो. तो परदेशातून यायचा असेल तर ही चूक मध्यमवर्गीय घराला चांगलीच जाणवते.

१९७२ मध्ये म्युनिक येथे धनुर्विद्या ५२ वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये परतली. जॉन विल्यम्स आणि डोरीन विल्बर या अमेरिकन विजेत्यांचे बाण ॲल्युमिनियमचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस डग ईस्टन यांचे निधन झाले. व्यवसाय पुत्र जिम यांनी वाढवला. १९८९ ते २००५ या काळात ते जागतिक धनुर्विद्या महासंघाचे अध्यक्षही होते. पुढे ॲल्युमिनियमच्या अतिबारीक नळीवर कार्बनचे वेष्टन आले. नव्वदच्या दशकात आलेला ‘एक्स-१०’ त्याच बनावटीचा. मध्ये किंचित जाड, दोन्ही टोकांना निमुळता. सत्तर मीटरवर वाऱ्यात नेम धरणारे तिरंदाज आजही तो वापरतात.